गुरुवारच्या सोळा घागरी

"अक्का, कॉक लवकर बंद केलात तुम्ही," मैमुनाबी म्हणाली आणि पुरावा म्हणून तिने आपली घागर उलटी करून दाखवली. आतून दोन थेंब पडले.

नागमणी बिट्लाने मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरलं. "दहाला उघडला, दहा वाजून दोन मिनिटांनी बंद केला. बारा वर्षांत कधी दोन सेकंद इकडेतिकडे केलं असेल तर सांग."

"मग माझं पाणी कुठं गेलं? सोळावा नंबर माझा हाय. पंधरावीची पण घागर कोरडीच हाय, बघा की."

नागमणीने बघितलं. चौदा घागरी भरल्या होत्या, दोन रिकाम्या होत्या. मागच्या गुरुवारी मैमुनाबीची एकटीची अर्धी राहिली होती, तेव्हा कुणीतरी घागर बदलताना पाणी सांडलं असेल म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आज तिला हसू आलं नाही. दोघींची समजूत काढून तिने पुढच्या गुरुवारी त्यांना पहिला नंबर कबूल केला आणि जिना उतरून ती पंपरूमकडे गेली.

सोलापूरचा विणकर टॉवर सोळा मजल्यांचा. खालच्या सहा मजल्यांवर टॉवेल शिवायचे हॉल आणि वरच्या दहा मजल्यांवर तिथेच राबणाऱ्यांची घरं. २०४६ सालचा मे महिना चालू होता आणि नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं. ते येणार म्हटलं की लोक पाहुण्याला यावं तसे दारात उभे राहायचे. अशा गावात, इमारतीच्या गच्चीवर एक लाख लिटरची टाकी काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यातला थेंबही कुणाच्या नळाला येत नव्हता. ते पाणी आगीसाठी होतं. त्या पाण्याची राखण नागमणीकडे होती.

गच्चीवरच्या टाकीतून एक जाड लाल पाइप खाली उतरायचा. प्रत्येक मजल्यावर त्याला फाटा फुटायचा आणि तो फाटा छताखालून सगळ्या हॉलमध्ये फिरायचा. दर तीन मीटरवर त्याला एक पितळी तोटी होती. तोटीच्या तोंडात औषधाच्या कॅप्सूलएवढी काचेची नळी आणि तिच्यात लाल पाणी. खाली आग लागली की धग छताला जाते. अडुसष्ट अंशांवर ते लाल पाणी इतकं फुगतं की काच फुटते, तिने अडवून धरलेलं बूच पडतं आणि पाण्याचा फवारा सुटतो. फक्त त्याच जागी. सगळ्या तोट्या एकदम सुरू होतात ही समजूत सिनेमावाल्यांनी करून दिलेली. खरं तर जिथली काच तापेल तेवढीच फुटते, बाकीच्या गुमान बसून राहतात. वीज नको, माणूस नको, कुणाची परवानगी नको. हवं फक्त पाणी.

आणि ते पाणी येतं की नाही हे बघायला प्रत्येक मजल्यावर, सगळ्यांत लांबच्या टोकाला, चाचणीचा एक कॉक होता. त्याचं भोक बरोबर एका तोटीएवढं. सहाव्या मजल्यावर तयार मालाचे गठ्ठे छताला टेकलेले आणि त्यांच्यामध्ये बसून एकशेसाठ बायका काठ शिवणाऱ्या, म्हणून नागमणी त्याच मजल्याची चाचणी दर गुरुवारी घ्यायची. दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. पहिल्याच वर्षी बायकांनी विचारलं होतं, हे पाणी असंच जाणार? तेव्हापासून पश्चिमेच्या गॅलरीत घागरींची रांग लागायला लागली. गंजाचा वास यायचा, पण फरशी पुसायला, भांडी विसळायला चालायचं. दोन मिनिटांत सोळा घागरी भरायच्या. पंधरा नाही, सतरा नाही. सतरावी बाई रांगेत उभी राहिली की बाकीच्या तिला हसायच्या.

पंपरूममध्ये नागमणीने सहाव्या मजल्याचं गेज बघितलं. काटा साडेतीन किलोवर होता. बारा वर्षं तो तिथेच होता. तिने काचेवर टिचकी मारली, काटा हलला नाही. "सगळं ठीक म्हणतोस," ती त्याला म्हणाली, "मग दोन घागरी कुणी प्यायल्या?"

*

सोमवारी स्रवंती आली. ही नागमणीची एकुलती एक मुलगी, वय अठ्ठावीस, पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. तिच्याबरोबर टेम्पोभर खोकी होती आणि खोक्यांत 'जागल्या' होता.

पूर्वी गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणायचे, त्याचं नाव कंपनीने उचललं होतं. काचेच्या नळ्यांच्या जागी आता नव्या तोट्या बसणार होत्या. प्रत्येकीला एक डोळा होता, ज्याला प्रकाशाऐवजी उष्णता दिसायची. काच तापून फुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. जागल्याला काडी पेटलेली तीन सेकंदांत कळायची. ती काडी उदबत्तीची आहे की गठ्ठ्याला लागलेली, हेही तो ओळखायचा आणि बरोबर त्या ठिपक्यावर धुक्यासारखं बारीक पाणी मारायचा.

कंपनीच्या माणसांनी सोमवारी रात्रभर बसून सहाव्या मजल्याच्या तोट्या बदलल्या आणि मंगळवारी पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक झालं. स्रवंतीने लोखंडी घमेल्यात टॉवेल ठेवून पेटवला. जाळ गुडघ्याएवढा झाला, वरची तोटी फुसकारली आणि चार सेकंदांत नुसता धूर उरला.

"पाणी किती लागलं?" सोसायटीचे चेअरमन बिराजदार सरांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारायची त्यांची सवय सुटली नव्हती.

"दीड लिटर," स्रवंती म्हणाली. "म्हणूनच आता एक लाखाची गरज नाही. तीस हजार राखीव ठेवले तरी पुष्कळ. उरलेलं पाणी तुमच्या नळांना जोडता येईल, आणि आगीच्या टाकीसाठी मंजूर असलेलं रोजचं पाणीही. दिवसाआड नळ येईल."

टाळ्या वाजल्या. मैमुनाबीने तर दोन्ही हात कपाळाला लावले. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, आणि बाळंतिणीच्या घरात सहाव्या दिवशी पाणी म्हणजे काय ते बाईमाणसालाच माहीत. नागमणीनेही टाळ्या वाजवल्या. पोरगी कशी ठामपणे बोलते, सगळे कसे ऐकतात, हे बघून तिचा ऊर भरून आला होता. यंत्रही तिला आवडलं.

एकच गोष्ट राहिली होती. चालू व्यवस्था ठीक आहे अशी पंपचालकाची, म्हणजे नागमणीची, सही प्रमाणपत्रावर लागायची. ती झाली की टाकीचा कॉक नळांकडे उघडणार होता.

"गुरुवारी करते," नागमणी म्हणाली. "पाणी बघून."

*

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी होती. स्रवंतीने चटणीवर दही घेतलं आणि म्हणाली, "अम्मा, गुरुवारची चाचणी आता नाही घ्यायची."

"का गं?"

"जागल्या बसल्यावर दोनशे लिटरच्या वर पाणी वाहिलं की तो त्याला गळती समजतो. कॉकला कुलूप आहे आता, माझ्या फोनवरून उघडतं. उघडलं की नोंद कंपनीत जाते, फाइल परत येते, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून. सहा महिने."

"सहा महिने तर सहा महिने."

"सहा महिन्यांत हा उन्हाळा जाईल. आणि माझं काम दुसऱ्याला जाईल." स्रवंतीने भाकरी मोडायची थांबवली. "जिल्ह्यात चाळीस इमारतींत जागल्या बसलाय. ही एक्केचाळिसावी. ही झाली की सगळ्या जिल्ह्याचं काम माझ्याकडे. पुण्याहून इथं येऊन राहीन मी, तुझ्याजवळ. हे तुला नकोय का?"

नागमणीला ते हवं होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचा तिला कंटाळा आला होता. पण तिने मुलीला दोन रिकाम्या घागरींची गोष्ट सांगितली.

स्रवंती हसली नाही, हे तिचं चांगलं होतं. तिने फोन काढून पुढे धरला. "हे बघ. सहावा मजला. दाब साडेतीन किलो. आणि जागल्या रोज सकाळी प्रत्येक तोटी अर्धा सेकंद उघडून बघतो, पाणी येतं का. आज सकाळी दोनशे बारा तोट्या, दोनशे बारा वेळा पाणी आलं. तुझ्या घागरींपेक्षा हे पक्कं आहे, अम्मा."

"अर्धा सेकंद म्हणजे पाणी किती?"

"अर्धा पेला."

"अर्धा पेला सुईच्या भोकातूनपण येतो," नागमणी म्हणाली.

हे तिला दस्तगीर मिस्त्रींनी शिकवलं होतं. मिस्त्री आता हयात नव्हते, पण पंपरूममध्ये ती अजून त्यांच्याच डोक्याने चालायची. तिच्या पहिल्या महिन्यात त्यांनी एका पाइपात चिंधी कोंबली, पलीकडे गेज लावलं आणि पाणी सोडलं. काटा हळूहळू चढत पुरा वर गेला. "आता सांग, पाइप मोकळा हाय का बंद?" तिने मोकळा म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी टोक उघडलं, एक चूळ पाणी पडलं, काटा खाली आला आणि मग नुसतं थेंब थेंब. उभ्या पाण्याचं असंच असतं. वाट केसाएवढी उरली तरी दाब पलीकडे पोचतो, त्याला फक्त थोडा वेळ लागतो. वाट किती रुंद आहे हे पाणी धावायला लागल्यावरच कळतं. "गेज खोटं बोलत नाही पोरी," मिस्त्री म्हणाले होते, "पण विचारलं तेवढंच सांगतं."

नागमणीने हे सगळं मुलीला सांगितलं. स्रवंतीने ऐकून घेतलं.

"हे मला माहीत आहे, अम्मा. पुस्तकात असतं. पण जागल्याला एवढं पाणी लागतच नाही."

"लहान आगीला नाही लागत. गठ्ठ्याच्या पोटात लागली, तुझ्या डोळ्याला दिसलीच नाही, आणि एकदम चार गठ्ठे पेटले तर?"

"तर तो वीस तोट्या पुऱ्या उघडतो."

"आणि पाणी?"

स्रवंतीने ताट उचललं, वाटीभर पाण्यात हात धुतले आणि तेच पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. "तू सही कर," ती पाठमोरीच म्हणाली. "एकदा माझ्यावर विश्वास ठेव."

"तुझ्यावर हाय," नागमणी म्हणाली. "पाइपावर नाही."

*

बुधवारी पार्किंगमध्ये सभा भरली. बिराजदार सरांनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची कधी गरज पडायची नाही.

"नागमणीबाई, तहान आज लागली आहे. आग कधीतरी लागेल म्हणून तुम्ही पाणी कोंडून धरता, हे कुठलं शहाणपण?"

"पाणी तुमचंच हाय सर. मी कोंडलं नाही. मला ते सहाव्या मजल्याच्या टोकाला दोन मिनिटं धावताना दाखवा आणि सही घ्या."

"म्हणजे सहा महिने थांबा, असंच ना? यंत्र सांगतंय सगळं ठीक आहे. तुमची स्वतःची मुलगी सांगतेय."

"टाकी डोक्यावर हाय म्हणून आपण निवांत झोपतो. वाटेत पाणी अडलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग ते लाख लिटर काय धुवायला घालायचेत?"

कुणीतरी हसलं, पण हसू पसरलं नाही. मागून मैमुनाबी उठली. "अक्का, मी माझी घागर सोडते. पुन्हा कधी विचारणार नाही. माझ्या पोरीची आंघोळ चार दिवस झाली नाही. बाळाची दुपटी मी ओल्या फडक्यानं पुसून वापरते. सही करून टाका."

हे नागमणीला सगळ्यांत जास्त लागलं. त्या रिकाम्या घागरीनेच तर तिला जागं केलं होतं. तिने मैमुनाबीकडे बघून सांगितलं, "तू रोज आठ तास त्या गठ्ठ्यांमध्ये बसतेस. तुझ्यासाठीच थांबलेय मी." मैमुनाबीने मान फिरवली.

पंपचालक बदलायचा तर महिना लागतो, असं सरांनी जाहीर केलं आणि बदलायचा ठरावही तिथेच झाला. नागमणीने हात वर न करता तो ऐकला. मग तिने एवढंच म्हटलं, "उद्या गुरुवार हाय. दहा वाजता घागरी घेऊन या. पाणी वाया जाणार नाही, घागरीत जाईल."

संध्याकाळी ती दारोदार फिरली. कुणी दार उघडून "बघू" म्हणालं, कुणी उघडलंच नाही. अख्खी इमारत तिला पाण्यात पाहत होती, तेही पाणी नसताना. घरी आल्यावर स्रवंती कोपऱ्यात लॅपटॉप उघडून आकडे मांडत बसलेली होती. नागमणीला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, तोंड पुसलं आणि माळ्यावरची भांडी काढायला घेतली.

*

गुरुवारी पावणेदहाला नागमणी सहाव्या मजल्याच्या गॅलरीत एकटी होती. तिने सोळा भांडी आणली होती, पाच खेपा करून. घरात घागरी दोनच, म्हणून त्यांच्यापुढे दोन बादल्या, लग्नातला पितळी हंडा, मोठी पातेली, पिठाचा डबा, मोठा कुकर, आणि शेवटी स्रवंतीच्या लहानपणचा आंघोळीचा प्लास्टिकचा टब. घागरीच्या मापाने तिने प्रत्येकावर खडूची रेघ ओढली होती. हॉलमध्ये शिलाई मशिनांचा आवाज चालू होता. दारातून दोघी-तिघींनी डोकावून बघितलं आणि त्या परत आपल्या मशिनवर गेल्या.

दहाला पाच कमी असताना स्रवंती आली. तिने भांड्यांची ती रांग बघितली, टबापाशी क्षणभर थांबली.

"कुलूप मी उघडलं नाही तर काय करशील?"

"दहा वाजून दोन मिनिटांपर्यंत थांबेन. मग भांडी खाली नेईन. पुढच्या गुरुवारी परत आणेन."

"आणि महिन्याने तुला काढल्यावर?"

"भांडी तर माझीच राहतील की."

स्रवंती गॅलरीच्या कठड्याला टेकली. तिचे डोळे लाल होते. "काल मी हिशेब करून बघितला," ती हळू म्हणाली. "दोन घागरी कमी यायला वाट किती अरुंद व्हायला लागते तो. मी तीनदा केला. वाट निम्म्याहून कितीतरी कमी राहिलेली असते, अम्मा. थोडीशी चिंचोळी झाली तर फरक पडतच नाही. दोन घागरी म्हणजे पुष्कळ आहे."

नागमणीने पहिली घागर कॉकखाली सरकवली.

"तुझं मोजणं चुकलं असेल तर माझं सगळं गेलं."

"माझं मोजणं नाही ते. सोळा बायकांचं हाय. पाण्यासाठी उभी राहिलेली बाई चुकीचं मोजत नाही."

स्रवंतीने फोन काढला. अंगठा ठेवायच्या आधी ती जरा थांबली, मग तिने तो दाबून धरला. कॉकवरचा लाल दिवा हिरवा झाला. नागमणीने घड्याळ बघितलं आणि चाक फिरवलं.

पाणी जोरात आलं. पहिली घागर भरली, दुसरी भरली, स्रवंती भांडी पुढे सरकवत होती. हंडा भरला. बादली भरली. हॉलमधलं एक मशिन थांबलं, मग दुसरं. सातव्या भांड्याला धार बारीक झाली. आठवं पातेलं खडूच्या रेघेपर्यंत पोचलंच नाही. धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, आणि पिठाच्या डब्यात थेंब पडण्याचा आवाज यायला लागला. टप, टप.

अजून चाळीस सेकंद बाकी होते. नागमणीने कॉक तसाच उघडा ठेवला. आता सगळी मशिनं थांबली होती आणि एकशेसाठ बायका दारात, खिडकीत, गॅलरीत दाटीने उभ्या होत्या. त्या डब्यात पडणारे थेंब बघत होत्या. मग एकीने मान वर करून छताकडे बघितलं, त्या लाल पाइपाकडे आणि त्याच्याखाली रचलेल्या गठ्ठ्यांकडे. मग सगळ्यांनीच बघितलं.

दोन मिनिटं झाली. नागमणीने चाक बंद केलं. स्रवंतीच्या फोनवर दाबाचा आकडा शून्याजवळून हळूहळू चढायला लागला. एक, दोन, अडीच. सहा मिनिटांनी तो साडेतीनवर पोचला आणि खाली हिरव्या अक्षरांत आलं: सहावा मजला, सर्व ठीक.

स्रवंतीने तो फोन बिराजदार सरांपुढे धरला. ते धावत जिना चढून आले होते आणि धापा टाकत होते. त्यांनी हिरवी अक्षरं वाचली, भांडी बघितली, आणि वाकून रिकाम्या टबात हात फिरवला.

*

दुपारी वरचं पाणी बंद करून सहाव्या मजल्याचा व्हॉल्व्ह खोलला. नागमणीने आत हात घातला आणि मुठीएवढा एक गोळा बाहेर काढला. ओला, गच्च, घट्ट बसलेला. तिने तो पाण्यात धुतला तसे त्यात रंग दिसायला लागले. गुलाबी, पोपटी, निळा.

"हे तर टॉवेल," मैमुनाबी म्हणाली.

टॉवेलची लव होती ती. धुतलेला माल गच्चीवर वाळत पडायचा, वाऱ्याने त्याची लव उडायची. टाकीला झाकण होतं, पण ते लागलेलं असेल तर. लव टाकीत पडली, भिजून खाली बसली, आणि दर गुरुवारी जिकडे पाणी धावायचं तिकडे थोडी थोडी गेली. गंजाने तिला घट्ट केलं आणि आज धावत्या पाण्याने तो गोळा सरकवून वाटेतच आवळून बसवला.

"झाकण कुणी उघडं ठेवलं?" सरांनी विचारलं. या वेळी उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.

मैमुनाबीने खाली बघितलं. बाकीच्या चार-पाच जणींनीही खाली बघितलं.

"मी," नागमणी म्हणाली. "किल्ली माझ्याकडे असते. दर मे महिन्यात मीच ती बायकांना देत आले. दोन-दोन बादल्या काढा, कुणाला सांगू नका, झाकण लावा म्हणून. कुणी लावलं, कुणी दोर आत सोडून तसंच ठेवलं. मी वर जाऊन बघितलं नाही. तहानेल्याला नाही म्हणवत नव्हतं मला. ही चूक माझी हाय आणि नोंदवहीत मी ती माझ्या नावावर लिहिणार हाय."

मैमुनाबीने पदराने हात पुसले, नागमणीच्या हातातला तो गोळा घेतला आणि म्हणाली, "दोर माझा होता. तेही लिहा."

स्रवंती जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होती. कंपनीतला माणूस पलीकडून काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. "गळती नाही सर, चाचणी. मीच कॉक उघडला. हो, माझ्या अंगठ्याने. फाइल परत येणार हे मला माहीत आहे. पण बाकीच्या चाळीस इमारतींत आपण एकदाही पाणी धावताना बघितलेलं नाही. सगळीकडे हिरवं आहे. इथेही आत्ता हिरवंच आहे... नाही सर. उद्यापासून मी एकेक इमारत बघायला जाणार आहे. तुम्ही मला काढलंत तर सुट्टी टाकून जाईन."

नागमणी व्हॉल्व्हचे नट घासत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

*

चाळीस इमारती बघायला पाच आठवडे लागले. अकरा ठिकाणी पाणी कमी निघालं. कुठे गंज, कुठे अर्धवट बंद व्हॉल्व्ह, एका ठिकाणी पाइपात गवंड्याचा हातमोजा. अकराही ठिकाणी फोनवर हिरवी अक्षरं होती. कंपनीने स्रवंतीला काढलं नाही आणि जिल्ह्याचं कामही दिलं नाही. ते लातूरच्या एका माणसाला मिळालं. तिला म्हणे, आधी जागल्या दुरुस्त कर. ते काम सोलापुरात बसूनही होण्यासारखं होतं. तिने आईच्या घरातला तोच कोपरा धरला.

टाकीला नवं, जाळीचं आणि कुलपाचं झाकण आलं. विणकर टॉवरच्या लोकांनी तो उन्हाळा सहाव्या दिवसाच्या पाण्यावरच काढला आणि कुरकुर केली, पण नागमणीसमोर केली नाही. पंपचालक बदलायचा ठराव सरांनी स्वतः मागे घेतला. किल्ली मागायला उरलेल्या मेमध्ये कुणी आलं नाही. त्याऐवजी आठ घरांनी मिळून आपल्या वाटणीतली एकेक घागर बाळंतिणीच्या दारात ठेवायची पाळी लावली, आणि पहिली पाळी नागमणीने घेतली.

अकरा इमारतींचा निकाल बघून कंपनीने सहा महिन्यांची तपासणी दोन महिन्यांवर आणली आणि जुलैतल्या एका गुरुवारी तिचा दिवस आला. गॅलरीत रांग लागली होती. बिराजदार सर खुर्ची टाकून बसले होते आणि हातात मुख्याध्यापकी घड्याळ होतं. मैमुनाबीच्या कडेवर दोन महिन्यांची नात होती आणि पायाशी घागर, सोळाव्या नंबरावर. नागमणीने तिला पहिला नंबर देऊ केला होता, तिने तो घेतला नव्हता.

दहा वाजता स्रवंतीने फोनवर अंगठा ठेवला. जागल्याने या वेळी गळती म्हटलं नाही. पडद्यावर "गुरुवारची चाचणी" एवढंच आलं आणि सेकंद मोजायला लागले. नागमणीने चाक फिरवलं. पाणी धावलं. बायकांनी घागरी सरकवल्या, एक, दोन, पाच, नऊ. बाराव्या घागरीला सगळ्या गप्प झाल्या. तेरा. चौदा. पंधरावी भरली, आणि मैमुनाबीने एका हाताने नातीला सावरत आपली घागर धारेखाली सरकवली.

ती काठापर्यंत भरली आणि सर म्हणाले, "वेळ."

दाबाचा आकडा पडद्यावर साडेतीनवर होता, पण त्याच्या खाली हिरवी अक्षरं आली नव्हती. त्याजागी रिकामी चौकट होती आणि तिच्यावर एक प्रश्न. स्रवंतीने तो गेल्या महिन्यात एक्केचाळीसही इमारतींच्या जागल्याला शिकवला होता आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो आता कुणालाच "सर्व ठीक" म्हणत नव्हता.

"अम्मा, तो विचारतोय," तिने फोन पुढे केला.

नागमणीने चष्मा लावून वाचलं: आज घागरी किती?

तिने रांगेवरून एकदा नजर फिरवली, मोजायची गरज नव्हती तरी मोजलं, आणि ओल्या बोटाने सोळा लिहिलं. मग पदराला हात पुसून तिने प्रमाणपत्र मागून घेतलं आणि त्यावर सही केली.